पत्रिका नाही पाहिली, रक्ताचा कागद पाहिला

आमच्या गडब गावातील एका घरी सोयरिकीची बैठक बसली होती. मुलगा आमच्या भावकीतला, मुलगी चंद्रपूर जिल्ह्यातली. दोघे नवी मुंबईत एकाच ठिकाणी नोकरीला. एकमेकांना पसंत होते, दोन्हीकडचे बौद्ध, हुंड्याचा प्रश्न नव्हता. चहा झाला, पोहे झाले, तारखेचे बोलणे निघाले. तेवढ्यात मुलीने पिशवीतून एक कागद काढून मुलाच्या वडिलांपुढे ठेवला.

"बाबा, तारीख ठरवायच्या आधी हे पाहून घ्या. मी सिकलसेलची वाहक आहे. मला काही त्रास नाही. पण यांची तपासणी एकदा करून घ्या, मग पुढचे ठरवू."

घरात एकदम शांतता पसरली. कोणी कागद हातात घेईना. मुलाची आत्या स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "म्हणजे रोगी पोर पदरात घ्यायची का?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "हे सगळं त्या विदर्भाकडच्या रक्तात असतं. आपल्या कोकणातलीच बघितली असती तर हा घोळ झाला नसता." मुलीचा भाऊ खाली मान घालून बसला. मुलगी मात्र ताठ बसली होती.

वाचकहो, त्या बैठकीला आम्ही मध्यस्थ म्हणून हजर होतो. वस्तीत कुठेही सोयरीक असो, शाळेचा दाखला असो की रेशनकार्डाचे काम असो, लोक आम्हांला बोलावतात. त्या दिवशीही सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही गप्प बसलो. वाहक म्हणजे काय, रोगी म्हणजे काय, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही बी.कॉम. झालेले. जमाखर्च सांगा, ताळेबंद सांगा, करून देऊ. पण रक्ताचा हिशेब आम्ही कधी शिकलो नव्हतो. खरे सांगायचे तर मनातून आम्हांलाही वाटून गेले, की कशाला ही भानगड, मोडलेली बरी. आज ते लिहिताना लाज वाटते. "मुलाची तपासणी होऊ द्या, मग बसू," एवढे कसेबसे बोलून आम्ही उठलो.

त्या रात्री झोप लागली नाही. "शिका" हा बाबासाहेबांचा शब्द आम्ही प्रत्येक जयंतीला व्यासपीठावरून लोकांना सांगतो. मग स्वतः का शिकू नये?

रात्री दहाची शाळा

केंद्र सरकारने २०१७ साली 'स्वयम्' नावाची सोय सुरू केली. देशातील नामवंत विद्यापीठे आणि आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने मोबाईलवर घरबसल्या पाहता येतात. शिकण्याला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. आम्ही तिथे जनुकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला नाव घातले. कोणी वय विचारले नाही, जात विचारली नाही, की विज्ञान शाखेचे आहात का असेही विचारले नाही.

मात्र पहिल्याच आठवड्यात फे फे उडाली. व्याख्यान इंग्रजीत, आणि आम्ही मराठी माध्यमाचे. रात्री जेवणे आटोपली की मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, प्राध्यापकांचा वेग कमी करायचा आणि एकेक वाक्य तीन-तीनदा ऐकायचे. कचेरीतील एक जुने कोरे खातेपुस्तक होते, त्यात डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ लिहीत गेलो. पहिल्या गृहपाठात दहापैकी चार गुण पडले. घरी हशा झाला.

शेजारची मुलगी बारावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही पाठ करताय. चौकट काढा." तिने वहीवर चार घरांची चौकट काढली. वर बापाचे दोन, बाजूला आईचे दोन, आणि आत चार घरांत चार जोड्या. आम्ही त्या चौकटीकडे पाहतच राहिलो. ही तर आमच्या खतावणीसारखीच निघाली! आडवी ओळ, उभी ओळ आणि मधल्या घरात बेरीज. त्या दिवसापासून विषय आपला वाटू लागला.

वाटाण्याचा हिशेबनीस

या शास्त्राचा पाया घालणारा ग्रेगोर मेंडेल आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातील मठात राहणारा एक साधू. शेतकऱ्याचा मुलगा. मठाच्या बागेत त्याने १८५६ पासून सुमारे आठ वर्षे वाटाणे लावले. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती कुठे गेली? ती रोपे पुन्हा आपसांत वाढवली तेव्हा पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे निघाले. वाचकांपैकी कोणी भागाकार करून पाहावा. जवळजवळ तिनास एक.

याचा अर्थ असा, की सुरकुतीचा गुण नष्ट झाला नव्हता. तो गोल दाण्याच्या आत लपून बसला होता. प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यांतला एक प्रभावी असला तर दुसरा दिसत नाही, पण पुढे जातो. मेंडेलने हे १८६५ मध्ये वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये छापले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८८४ साली तो वारला आणि १९०० मध्ये जगाला त्याचे महत्त्व कळले. खरे बोलणाऱ्याला उशिरा न्याय मिळतो, हे आपल्या समाजाला नवीन नाही.

आमच्या पेण तालुक्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला कठीण नाही. धरमतर खाडीच्या बाजूला खारजमिनी आहेत. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि साधे भात जळून जाते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशी खाऱ्या मातीत तग धरणारी भाताची वाणे काढली, ती याच शास्त्राच्या बळावर.

पेणचे दुसरे नाव गणपतीच्या कारखान्यांसाठी. आपण मूर्तिपूजक नाही, पण त्या कारखान्यांत आपली पोरे रोजीने जातात आणि साचा काय असतो हे त्यांना चांगले ठाऊक आहे. साच्यात बारीक टवका उडाला तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीत तो दोष उतरतो. आपल्या पेशीत डीएनए नावाचा असाच एक साचा असतो. तो सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा असून २३ जोड्या गुणसूत्रांत गुंडाळलेला असतो. त्यात सुमारे वीस हजार जनुके म्हणजे कामाच्या सूचना आहेत. सिकलसेल म्हणजे या तीनशे कोटींपैकी एका अक्षराची चूक.

वाहक आणि रुग्ण

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रक्तातील तांबडा रंग हिमोग्लोबिनचा. त्याची एक साखळी १४६ दुव्यांची असते. जनुकातील एक अक्षर बदलले की सहावा दुवा बदलतो. मग शरीरात प्राणवायू कमी पडला की गोल, मऊ तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे होतात, वरचेवर ताप येतो.

पण हे कोणाला होते? ज्याला आई आणि बाप दोघांकडूनही दोषी अंश आला त्याला. तो रुग्ण. ज्याला एकाकडून दोषी आणि दुसऱ्याकडून चांगला अंश आला तो वाहक. वाहकाला सर्वसाधारणपणे काही त्रास होत नाही. तो नोकरी करतो, शेती करतो, शंभर वर्षे जगू शकतो. मेंडेलच्या गोल वाटाण्यासारखाच तो. आत काहीतरी लपलेले आहे, पण दाणा गोलच आहे.

आता चौकट काढा. नवरा-बायकोपैकी एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी, पण रुग्ण मूल होणार नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी पंचवीस टक्के शक्यता रुग्ण मुलाची, पन्नास टक्के वाहकाची, पंचवीस टक्के पूर्ण निर्दोष मुलाची. येथे एक गैरसमज फार होतो. "चारांत एक ना, मग पहिले रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगली," असे लोक म्हणतात. तसे नाही. प्रत्येक वेळी डाव नव्याने मांडला जातो. मागच्या वेळी छाप पडला की काटा, हे नाण्याला आठवत नाही.

विहारात रविवारी महिला मंडळापुढे आम्ही हेच चवळीच्या दाण्यांनी करून दाखवले. दोन पिशव्या घेतल्या, एक आईची आणि एक बापाची. दोन्हींत निम्मी पांढरी, निम्मी तांबडी चवळी. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायचा, जोडी लिहायची, दाणे परत टाकायचे. शंभर वेळा केले. दोन्ही तांबड्या अशा जोड्या पंचविसाच्या आसपासच आल्या. पण मध्ये एकदा तीन वेळा लागोपाठ तांबडीच जोडी निघाली, तेव्हा एक आजी हळहळल्या, "अगं बाय, एकाच आईच्या नशिबाला तीनही?" नशिबाचा त्यात काही संबंध नाही, हे त्यांना त्या पिशव्यांवरून पटले.

हे आपल्याच वाट्याला का?

भारतात सिकलसेल प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. त्यानंतर नागपूरचे डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरील लेख १९५८ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला. विदर्भातील महार समाजात, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, ज्यांनी नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली त्या समाजात, हा दोष आहे असे दिसून आले. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या आदिवासींत तो आहे आणि इतर समाजांतही सापडतो.

मग हे मागच्या जन्मीचे पाप म्हणायचे का? शास्त्राने याचे उत्तर दिले आहे. १९५४ साली अँथनी अॅलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेत दाखवून दिले, की वाहक माणसाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान् पिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथे वाहक जास्त जगले आणि त्यांचा वंश वाढला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि आपल्या जंगलपट्ट्यात हीच कथा आहे. ज्या पूर्वजांनी रानात, दलदलीच्या कडेला दिवस काढले, त्यांच्या जगण्याची ही खूण आहे. तिला पाप म्हणणारा अडाणी समजावा.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वजन्मीच्या कर्माची चिकित्सा करताना त्यांनी, मूल आईबापांचे गुण घेऊन जन्मते, या शास्त्राच्या म्हणण्याचा आधार घेतला आहे. आम्ही तो ग्रंथ अनेक वर्षे वर्षावासात वाचत आलो. ते पान या अभ्यासानंतर प्रथमच कळले.

"गुण रक्तात असतात"

आमच्या कचेरीत एक सद्गृहस्थ आरक्षणाचा विषय निघाला की म्हणतात, "अहो, गुण रक्तात असतात." पूर्वी आम्ही रागाने उत्तर द्यायचो. आता हिशेबाने देतो.

रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने १९७२ साली मोजून दाखवले, की माणसामाणसांत जो आनुवंशिक फरक आहे त्यातील सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आतला असतो. आपल्या महाराष्ट्राच्या इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या. तिथे कवट्यांवरून वंश श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू पाहणाऱ्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या आणि गुरूंना हवा तो निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही, असे निर्भयपणे लिहिले. बाबासाहेबांनी तर १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, असे ठणकावले आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकांच्या मोजमापांचे आकडे मांडून अस्पृश्य हा वेगळा वंश नाही हे सिद्ध केले.

२०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी ७३ भारतीय समूहांचा डीएनए तपासून सांगितले, की सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी या देशातले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते. पुढे ही सरमिसळ थांबली आणि जातीतल्या जातीत लग्ने सुरू झाली. जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे, हे पंचवीस वर्षांच्या भीमरावाने ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात लिहून ठेवले होते. डीएनएच्या प्रयोगशाळांना तिथे पोहोचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

त्या बंद दाराची किंमत सर्वच जातींनी मोजली आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले गेले. त्यांतील ८१ समूह इतके आतल्या आत बंदिस्त निघाले, की लपलेले दोष एकत्र येऊन आनुवंशिक रोग होण्याचा धोका त्यांत मोठा आहे. त्यात उच्चवर्णीयही आले. म्हणजे ज्याला शुद्ध रक्त म्हणून मिरवले, तेच रोगाचे घर ठरू शकते.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून आपली सुटका नाही. आपल्यात काय चालते? "आपल्या कोकणातलीच हवी," "विदर्भाकडची नको," "अमक्या पोटजातीतली नको." धम्म घेऊन सात दशके होऊ घातली तरी ही कुजबुज विहाराच्या पायरीवर ऐकू येते. मामाची मुलगी करण्याची हौसही अजून गेलेली नाही. आतेमामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात, त्यामुळे लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची भीती वाढते. नाते घट्ट करण्याच्या नादात लेकराचा बळी का द्यावा?

सुनेला बोल लावणाऱ्यांनो

एक गोष्ट खास आयाबहिणींसाठी. आईकडे एक्स-एक्स गुणसूत्रे आणि बापाकडे एक्स-वाय. आई प्रत्येक मुलाला एक्सच देते. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने किड्यांचा अभ्यास करून हे शोधले. तेव्हा तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला छळणे म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातली बाकी तिच्या नावावर टाकणे होय. अर्थात बापालाही दोष नको, कारण तो काही निवडून देत नाही. आणि मुलगी होणे हा दोष नाहीच.

पुढे काय झाले

मुलाच्या रक्ताचा कागद आला. तो निर्दोष निघाला. आम्ही दोन्हीकडच्या मंडळींना पुन्हा बसवले, पाटी मागवली आणि खडूने चौकट काढली. आत्याबाई पुढे येऊन बसल्या. त्यांनी विचारले, "म्हणजे पोरं आजारी व्हायची नाहीत?" आम्ही म्हणालो, "या आजाराने नाही. वाहक होतील कदाचित, तर त्यांच्या लग्नाआधी त्यांच्या जोडीदाराची तपासणी करायची. आज या मुलीने केली तशी." आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मुलीजवळ जाऊन म्हणाल्या, "बाय, तू कागद लपवला असतास तर आम्हांला काय कळणार होतं?" लग्न बौद्ध पद्धतीने, साधेपणाने झाले.

पण समजा, मुलगाही वाहक निघाला असता तर? हा प्रश्न त्या मुलीनेच आम्हांला विचारला. तेव्हाही निर्णय त्या दोघांचाच असता. गरोदरपणात लवकर तपासणी करून गर्भ रुग्ण आहे का हे नोंदणीकृत केंद्रात कळू शकते. लिंग सांगणे मात्र १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. रुग्ण मूल झाले तरी जग बुडत नाही. वेळेवर लसी, भरपूर पाणी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे औषध यांनी दुखणे आटोक्यात राहते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र जरूर काढावे. जनुकातील दोषावरच उपाय करणारी उपचारपद्धती २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. तिची किंमत मात्र गरिबाला स्वप्नातही परवडणारी नाही. ती आपल्या दवाखान्यात येण्यासाठी आवाज उठवणे हे पुढचे काम आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. निर्मूलन रोगाचे करायचे आहे, वाहकाचे नव्हे, हे आपण लोकांना सांगितले पाहिजे. नाहीतर कपाळावरचा एक शिक्का पुसला आणि दुसरा बसला, असे होईल.

म्हणून आमची विनंती एवढीच. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी एकदा करून घ्यावी. ती दोघांचीही व्हावी, फक्त मुलीची नको. वाहक आहे एवढ्या कारणावरून सोयरीक मोडू नये. अहवाल दोन घरांतच राहावा, गावभर होऊ नये.

आम्ही परीक्षा दिली. गुण बेताचेच पडले, पण पास झालो. आमच्या गडबवरून जो महामार्ग जातो तोच पुढे महाडला जातो. तिथे २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, तेव्हा त्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे सांगणारे लोक होते. आज रक्ताच्या नावाने तसेच बोलणारे आहेत, आणि त्यांतले काही आपल्या बैठकीतही असतात. आम्हीही त्या दिवशी गप्प बसून त्यांच्यात सामील झालो होतो. ज्यांना हा हिशेब शिकायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. पाटी, खडू आणि चवळीच्या दोन पिशव्या तिथेच ठेवलेल्या असतात.

जयभीम!